कळ साधी की धोक्याची, आणि ते ठरवायचं कोणी?

(वस्तीतल्या महिला मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली दखनी वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘गरोदरपणातील आरोग्य’. हा विषय एवढा मोठा आहे की तासाभरात सगळं सांगायला गेले तर घरी पोचेपर्यंत तुमच्या लक्षात काहीच राहणार नाही. म्हणून मी आज फक्त दुखण्याखुपण्यावर बोलणार आहे. पोटात येणारी कळ, रात्री पोटरीत येणारा गोळा, कंबर धरणं, छातीत जळजळ, मळमळ, पायावरची सूज. ज्यांना मुलं आहेत त्या प्रत्येकीनं यातलं काही ना काही सोसलंय. आणि प्रत्येकीनं एक वाक्य ऐकलंय : ‘सबकू होताय.’

हे वाक्य खोटं नाही. गरोदरपणातली बहुतेक दुखणी खरोखरच साधी असतात आणि आपोआप जातात. पण नेमकं म्हणूनच हे वाक्य जपून वापरायला हवं. जे वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं, त्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवायला लागतो. मग ज्या दिवशी ते खोटं असतं, त्या दिवशीही आपण तेच म्हणत बसतो.

थोडे आकडे सांगते. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होतं. म्हणजे आपलं राज्य बरंच पुढे आहे. आशाताई, सिस्टर, १०८ ची गाडी, दवाखान्यातली बाळंतपणं या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण ज्या घरातली बाई जाते, त्या घराला तेहतीस आणि सत्त्याण्णव यांतला फरक काय कळणार?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायांनी १९९४ साली एक साधी मांडणी केली. बाळंतपणात बाई का दगावते? त्यांनी सांगितलं, उशीर तीन ठिकाणी होतो. पहिला उशीर घरात : दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात : वाहन आणि पैसे मिळण्यात. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर : उपचार सुरू होण्यात. दुसरा आणि तिसरा उशीर कमी करणं हे सरकारचं आणि आम्हा डॉक्टरांचं काम, आणि त्याबद्दल आम्हाला जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण पहिला उशीर घरातच होतो. तो कमी करण्यासाठी दोन गोष्टी लागतात : कोणतं दुखणं साधं आणि कोणतं नाही याची माहिती, आणि बाईनं ‘मला जायचंय’ म्हटल्यावर तिला कोणी अडवू नये एवढी समजूत. मी या दोन्हींवर बोलणार आहे.

आधी माहिती. दुखणं कोणतंही असो, स्वतःला चार प्रश्न विचारायचे. कुठे दुखतंय? ते येतं-जातं की एकसारखं आहे? कूस बदलली, पाणी प्यायलं, थोडा वेळ पडून राहिलं तर कमी होतं का? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : दुखण्यासोबत आणखी काय आहे? एकटं आलेलं दुखणं बहुधा साधं असतं. पण त्याच्यासोबत रक्त, ताप, चक्कर, अंधारी, पाणी जाणं यातलं काही आलं, तर ते साधं नाही असंच धरून चालायचं.

आता पहिल्या तीन महिन्यांपासून सुरू करू.

पाळी चुकली, दिवस गेलेत हे कळलं, आणि ओटीपोटात पाळी येण्याआधी दुखतं तसं हलकं दुखायला लागलं. पहिलटकरीण घाबरते. पिशवी वाढायला लागली की असं हलकं दुखणं होतं, ते येतं आणि जातं. त्यासाठी पडून राहायचं कारण नाही. मात्र कळ वाढत गेली आणि अंगावरून लाल जायला लागलं तर त्याच दिवशी तपासून घ्या. थोडासा डाग दिसला म्हणजे गर्भ पडलाच असं नाही. पुष्कळ बायांचं पुढे सगळं सुरळीत होतं. पण ते डॉक्टरांना बघू द्या, घरात अंदाज करू नका.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार थोड्या बायांना माहीत असते. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहतो. नळी पिशवीसारखी ताणली जात नाही, ती फुटते आणि पोटाच्या आत रक्तस्राव होतो. अंगावरून फार जात नाही, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही. खुणा अशा : पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि कधी खांद्याच्या टोकाला दुखणं. पोटाचा खांद्याशी काय संबंध, असं वाटेल. पोटात साचलेल्या रक्तामुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा दुखावतो आणि ते दुखणं खांद्याला जाणवतं. अशी बाई उद्यापर्यंत थांबू शकत नाही. ती तासांची गोष्ट असते. म्हणूनच पाळी चुकल्यावर लवकर नोंदणी करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पहिली सोनोग्राफी करून घ्या. गर्भ जागेवर आहे ना, हे तिच्यातच कळतं.

मळमळ आणि उलट्या साधारण दीड महिन्यापासून सुरू होतात आणि बहुतेकींना चौथ्या महिन्यापर्यंत बरं वाटतं. सकाळी उठल्या उठल्या चहा पिऊ नका. आधी कोरडं काहीतरी खा : टोस्ट, खारी, भाजलेले चणे. पोट रिकामं ठेवू नका, दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. आल्याचा तुकडा चघळला तरी काहींना बरं वाटतं. पण पाणीसुद्धा टिकत नसेल, दिवसभरात लघवी अगदी थोडी आणि गडद पिवळी होत असेल, उभं राहिलं की गरगरत असेल, तर सलाईन लागतं. ‘बेटी होने वाली है, इसलिए उल्टियाँ ज़्यादा’ असं म्हणून घरी बसू नका. उलट्यांवरून मुलगा-मुलगी कळत नाही, पण बाई सुकत चाललीय हे नक्की कळतं.

इथे मशेरीचा विषय काढायला हवा. मळमळ थांबते, सकाळी पोट साफ होतं म्हणून कितीतरी बाया गरोदरपणात मशेरी लावतात. काही जणी दिवसातून तीन-चार वेळा. घरात त्याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तातून बाळाकडे. बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण व्हायची भीती वाढते. एकदम सुटत नसेल तर लाजू नका, आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगा. सोडवायला मदत मिळते.

आता चौथ्या ते सहाव्या महिन्याकडे येऊ. या दिवसांत अंथरुणातून पटकन उठलं, खोकला आला, शिंक आली की जांघेत सुरी फिरवल्यासारखी चमक येते. पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोरखंडासारखे पट्टे असतात. पिशवी वाढली की ते ताणतात, म्हणून ही चमक. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. हळू उठायचं, आधी कुशीवर वळायचं आणि हाताचा आधार घेऊन बसायचं. शिंक येणार असं वाटलं की थोडं वाकायचं. एवढं पुरतं.

रात्री पोटरीत गोळा येतो, बाई किंचाळून उठते. अशा वेळी पाय सरळ करा आणि पावलाची बोटं आपल्याकडे ओढा. गोळा सुटला की थोडं चाला. झोपण्याआधी पोटऱ्या ताणायचा हाच व्यायाम दोन-तीन मिनिटं केला तर फायदा होतो. पण एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लाल आहे आणि दुखणं थांबतच नाही, तर तो गोळा नसतो. गरोदरपणात रक्त गोठायची भीती जास्त असते. अशा वेळी पाय चोळायचा नाही, मालिश करायची नाही, थेट दवाखान्यात जायचं.

लघवीबद्दल बोलते, कारण हे पुरुष डॉक्टरांना सांगायला बाया लाजतात. पिशवीचा दाब मूत्राशयावर पडतो, त्यामुळे सारखं जावं लागणं साधं आहे. पण जळजळ, थेंब थेंब होणं, थंडी-ताप, कुशीत दुखणं, ओटीपोटात सारखी कळ, हे लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाचं लक्षण. त्याकडे दुर्लक्ष केलं तर किडनीपर्यंत जातं आणि वेळेआधी बाळंतकळा सुरू होऊ शकतात. लघवीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि गरोदरपणात चालणारी औषधं आहेत.

पण यामागे आणखी एक गोष्ट आहे. भाजीच्या बाजारात बसणारी, कारखान्यात कपडे शिवणारी, दिवसभर दुसऱ्याच्या घरी काम करणारी बाई पाणीच कमी पिते, कारण जवळ संडास नसतो. वस्तीत सार्वजनिक संडासला रात्री जायची भीती वाटते. मी तिला औषध देते, ती बरी होते आणि पंधरा दिवसांनी परत येते. या दुखण्याचं अर्धं औषध नगरपालिकेकडे आहे. इथे चळवळीतली माणसं बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते : बाजारात बायांसाठी स्वच्छ, दिवा असलेला, कडी लागणारा संडास मागणं हेही मातेच्या आरोग्याचंच काम आहे.

आता लोहाच्या गोळीकडे वळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दोघींत एक. धाप लागते, थकवा येतो, छातीत धडधडतं. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरात याला डोहाळे म्हणतात, पण माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं आम्ही धरतो. ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. बाया ती मधेच सोडतात. कारण विचारलं तर सांगतात, संडासला काळं होतं, खडा होतो, पोटात मुरडा येतो. काळं होणं हा गोळीचा रंग आहे, त्याला घाबरू नका. खडा होत असेल तर पाणी, पालेभाजी, सालासकट फळं, भिजवलेले मनुके वाढवा. गोळी लिंबू-पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. तरीही त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतील. मनानं बंद करू नका.

सातव्या महिन्यानंतर पोट मधूनमधून आवळतं, कडक होतं, पुन्हा सैल पडतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरनं १८७२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्यांना त्याचं नाव आहे. आपल्या आज्या त्यांना खोट्या कळा म्हणायच्या. खोट्या कळांना वेळापत्रक नसतं. दमलं, पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबली की त्या येतात; पाणी पिऊन, लघवी करून, डाव्या कुशीवर पडलं की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि पुष्कळदा कंबरेतून सुरू होऊन पुढे येतात. ३७ आठवडे भरायच्या आत अशा नियमित कळा आल्या, दहा-दहा मिनिटांनी पोट आवळायला लागलं किंवा पाणी गेलं, तर लगेच निघा. दिवस भरायच्या आतल्या बाळाची फुफ्फुसं तयार नसतात. आईला इंजेक्शन देऊन ती पक्व व्हायला मदत करता येते, पण त्यासाठी आई वेळेत आमच्यापर्यंत पोचायला हवी.

पोट लाकडासारखं कडक झालं आणि सैलच पडत नाही, दुखणं एकसारखं आहे, हे मात्र फार गंभीर. वार आतल्या आत सुटत असण्याची शक्यता असते. रक्त बाहेर दिसेल किंवा दिसणारही नाही. आणि याच्या उलट, शेवटच्या महिन्यांत जरासुद्धा न दुखता लाल रक्त गेलं तर तेही तितकंच गंभीर, कारण वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असू शकते. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असं रक्ताच्या बाबतीत कधीही म्हणायचं नाही.

एक उदाहरण सांगते, नाव-गाव सोडून. पहिलटकरीण, आठवा महिना. दोन दिवस छातीच्या खाली, उजव्या बरगडीपाशी दुखत होतं. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला. डोकं ठणकत होतं, त्याला जागरण कारण सापडलं, कारण घरात लग्न होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, हे तिनं कोणाला सांगितलंच नाही. नवरा कामावर, सासू पाहुण्यांत, मधेच आपलं दुखणं काय काढायचं? वलीम्याच्या दिवशी सकाळी तिच्या जेठानीनं पाहिलं की हिचा चेहरा सुजलाय आणि बोटातली अंगठी रुतलीय. तिनं कोणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि घेऊन आली. रक्तदाब १७०/११० होता, लघवीतून प्रथिनं जात होती. झटके येण्याच्या काठावर होती ती मुलगी. आम्ही झटके थांबवणारं इंजेक्शन दिलं, रक्तदाब उतरवला, बाळंतपण केलं. बाळ लहान होतं, तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिलं. आज दोघं ठीक आहेत.

ती जेठानी काही शिकलेली नव्हती. पण तिनं चौथा प्रश्न विचारला : सोबत आणखी काय आहे? पोट दुखणं साधं असू शकतं, डोकं दुखणं साधं असू शकतं, संध्याकाळी पायावर सूज येणं तर अगदीच साधं. पण पाचव्या महिन्यानंतर बरगडीखालचं दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं, चेहऱ्या-हातांवरची सूज यातलं काहीही दिसलं तर रक्तदाब मोजायलाच हवा. १४०/९० किंवा जास्त असेल तर घरी थांबायचं नाही. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात आणि उपकेंद्रातही तो मोजतात.

आणखी तीन गोष्टी पटकन सांगते. पातळ पांढरं जाणं साधं. खाज, वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर उपचार लागतो. पोटावर त्वचा ताणल्यामुळे खाज येते. पण शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना, रात्री वाढणारी, पुरळ नसलेली खाज असेल तर यकृताची तपासणी लागते. आणि बाळाची हालचाल. सातव्या महिन्यानंतर तुमच्या बाळाची एक सवय ठरते, ती तुम्हाला माहीत असते. ती कमी झाली तर गोड खा, झोपून बघा, उद्या जाऊ, असं करायचं नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं.

घरगुती उपायांबद्दल मी सरसकट नाही म्हणत नाही. गरम पाण्यानं कंबर शेकणं, उशी घेऊन कुशीवर झोपणं, जळजळीसाठी थोडं थोडं खाणं आणि जेवल्यावर लगेच आडवं न होणं, हे सगळं चांगलं. पण पोट चोळून घेऊ नका. घरी येऊन कळा वाढवायचं इंजेक्शन देणाऱ्याला दारात उभं करू नका, त्यानं पिशवी फाटते. आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी मनानं आणू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या बाळाच्या किडनीला आणि हृदयाला त्रास देऊ शकतात. दुखण्यावर गरोदरपणात चालणारं औषध आहे, ते विचारून घ्या.

रमजानचा प्रश्न मला दर वर्षी विचारतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न धरण्याची मुभा आहे, याबद्दल उलेमांमध्ये दुमत नाही. नंतर भरपाई कशी करायची ते तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे विचारा. डॉक्टर म्हणून मी एवढंच सांगेन : रक्त कमी असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, उलट्या होत असतील, वेळेआधी कळा येत असतील, तर रोजा धरू नका. धरलेला असताना चक्कर आली, पोट आवळायला लागलं, बाळ कमी हललं, तर सोडा आणि दवाखान्यात या. आणि घरच्यांनी तिला ‘फलाणीनं तर नवव्या महिन्यात तीसच्या तीस धरले’ असं ऐकवू नये. त्या फलाणीचं हिमोग्लोबिन तुम्हाला माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट, समजुतीची. हे मी मागे उभ्या असलेल्या भावांना आणि पुढे बसलेल्या सासवांना सांगते.

माझ्या दवाखान्यात उशिरा आलेल्या बाईला मी विचारते, ‘कल क्यों नहीं आई?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘ये घर पर नहीं थे.’ ‘अम्मा बोली, सुबह देखेंगे.’ ‘लेडी डॉक्टर नहीं थी.’ यातलं कोणीही वाईट माणूस नाही. अम्मानं स्वतःची पाच बाळंतपणं घरात केलेली असतात, तिला खरंच वाटतं की होईल सगळं ठीक. पण जी सासू पाच बाळंतपणांतून सुखरूप उतरली, तिच्याच वयाच्या ज्या बाया उतरल्या नाहीत, त्या आज अनुभव सांगायला नाहीत. आपल्या कानावर फक्त वाचलेल्यांचे अनुभव येतात.

लेडी डॉक्टर हवी ही इच्छा मी समजू शकते. तपासणीच्या वेळी बाईमाणूस सोबत हवं, पडदा हवा, असं तुम्ही म्हणू शकता आणि म्हणायलाच हवं. पण रात्री दोन वाजता रक्त जात असताना ड्युटीवर जो डॉक्टर आहे तो डॉक्टर. जीव वाचवण्याच्या वेळी आपल्या मजहबनंही कधी आडकाठी घातलेली नाही.

म्हणून प्रत्येक घरानं सातवा महिना लागला की एका संध्याकाळी बसून ठरवावं. कोणत्या दवाखान्यात जायचं? रात्री सोबत कोण येईल? मोठ्या मुलांना कोण सांभाळेल? रक्तगट कोणता, आणि रक्त द्यायला कोण तयार आहे? थोडे पैसे तिच्या हातात आहेत ना? १०८ आणि १०२ हे नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये आहेत ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं : नवरा घरी नसेल तर तिला कोणाची परवानगी लागणार नाही, हे त्यानं सगळ्यांसमोर सांगावं. एवढं एक वाक्य नवऱ्यानं आधी बोलून ठेवलं तर घरातला तो पहिला उशीर पुष्कळ कमी होतो.

पैशाची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. तो तुमचा हक्क आहे. कोणी पैसे मागितले तर लेखी तक्रार करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांची तपासणी करतात. माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. त्यावर लिहिलेला रक्तदाब आणि हिमोग्लोबिन रात्री अपरात्री आमचा वेळ वाचवतं.

आणि आमच्याकडून एक अपेक्षा तुम्हीही ठेवा. बाई दवाखान्यात येऊन ‘दुखतंय’ म्हणाली आणि तपासून काही निघालं नाही, तर तिला ‘उगाच आलीस’ असं कोणी म्हणू नये. आम्ही नाही आणि घरच्यांनीही नाही. आज तिला हसलात तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि गरज तेव्हाच असू शकते. दहा वेळा तपासून सगळं ठीक निघालं तर ती दहा वेळा चांगली बातमी आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पुढे येऊन विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका. शिवाय बाहेरच्या टेबलावर सिस्टर रक्तदाबाचं मशीन घेऊन बसल्या आहेत. इथे ज्यांना दिवस गेले आहेत, त्यांनी रक्तदाब मोजून मगच घरी जा.